माळ्यावर चढतं कोण?

माळा किती वजन पेलेल हे गणिताने काढता येतं. त्याने किती वजन पेलायला हवं, हे मात्र आधी कुणीतरी ठरवून गणितात घालावं लागतं. गेले काही महिने मी या दुसऱ्या आकड्याशी झटापट करते आहे, आणि तो दिसतो तेवढा तांत्रिक नाही असं माझं मत होत चाललंय.

आधी माळा कसला ते सांगते. सिंधुदुर्गात घरापासून जरा बाजूला, बहुधा बागेच्या कडेला, एक लहानशी कौलारू वास्तू असते. तिला मांगर म्हणतात. पेंढा, नारळ, कोयते, फवारणीचा पंप, फाटक्या ताडपत्र्या, 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेली जुनी कौलं, अशा घरात जागा नसलेल्या सगळ्या वस्तूंचं हे घर. आमचा मांगर चिऱ्याचा आहे, आतून दहा फूट रुंद. त्याच्या मागच्या आठ फुटांवर लाकडी माळा घालायचा असं काकांनी ठरवलं, आणि 'तू इंजिनियर मा?' या न्यायाने आखणी माझ्याकडे आली. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. पदवी मेकॅनिकलची आहे. तुळईचा वाक काढायला चौथ्या सेमिस्टरला शिकले होते आणि त्यानंतर आजवर तुळई कुणी समोर आणली नव्हती.

रचना साधी आहे. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दीड-दीड फुटावर लाकडी कड्या टाकायच्या आणि त्यांवर एक इंच जाडीच्या फळ्या ठोकायच्या. जुन्या वाड्यांत ज्याला कडीपाट म्हणतात त्याचंच हे गरीब भावंड. सगळा प्रश्न कडीच्या मापाचा. काकांचं म्हणणं, वर काय ठेवणार आपण? पेंढा आणि रिकामे डबे. दोन इंच बाय चार इंचाच्या कड्या पुष्कळ झाल्या. आणि पेंढ्यापुरतं बघितलं तर ते बरोबरच आहे. कमरेएवढा पेंढा रचला तरी चौरस मीटरला पन्नास-साठ किलोंच्या वर फारसं जात नाही.

पण पेंढ्यासाठी बांधलेला माळा पेंढ्यापुरता राहत नाही. आमच्या वाडीत गुरं कमी होत चालली आहेत. दहा वर्षांनी पेंढा असेलच असं नाही, माळा मात्र असणार. आणि रिकामा माळा ही फार दिवस टिकणारी गोष्ट नव्हे. त्यावर भाताची पोती चढतील. जुनी कौलं चढतील. एक मंगलोरी कौल अंदाजे अडीच किलोचं; कडेवर उभी करून एकाला एक चिकटवून ठेवली तर एका चौरस मीटरमध्ये साठेक बसतात, म्हणजे एका थराला दीडशे किलो. दोन थर लावले की तीनशे. भाताची पोती दीड फूट उंच रचली तरी जवळपास तेवढंच. भारतीय मानक 875च्या दुसऱ्या भागात राहत्या घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरायला सांगितलंय, आणि साठवणीच्या जागांसाठी उंचीच्या दर मीटरमागे सुमारे दोनशे चाळीस, आणि त्यालाही बरीच वरची किमान मर्यादा आहे. हे मानक गोदामांचा विचार करून लिहिलेलं आहे, मांगराचा नाही. आमच्या मांगराचा नकाशा कुणी तपासायला येणार नाही. म्हणजे हा आकडा माझ्यावर कुणी लादलेला नाही. मी तीनशे धरला.

तीनशे धरला की दर कडीवर चारशे किलोंहून जास्त वजन येतं, आणि दहा फुटांच्या अंतराला तीन इंच बाय सहा इंचाची कडी लागते, तीही उभी. चार बाय दोनच्या तुलनेत हिला लाकूड सव्वादोन पट लागतं, पण ताकद जवळपास साडेतीन पट येते आणि ताठपणा पाचपट. कारण ताकद रुंदीच्या पटीत वाढते, खोलीच्या मात्र वर्गाच्या पटीत. हे गॅलिलिओने 1638 साली छापून आलेल्या पुस्तकात सांगितलं, नजरकैदेत असताना. गंमत म्हणजे त्याचं प्रमाण बरोबर होतं पण प्रत्यक्ष ताकदीचा आकडा तिप्पट जास्त आला होता. त्याच्या सूत्रावर विसंबून कुणी माळा बांधला असता तर, कदाचित, तरीही उभा राहिला असता. ते 'कदाचित' कशामुळे, ते पुढे येईलच.

सुतारांनी मापं ऐकली आणि म्हणाले, "गो बाय, इतक्या लाकडात दुसरो मांगर उभो रवात." काकी पलीकडून म्हणाली, "घरातल्या माळ्यार मी लग्न झाल्यापासून चढतंय. आजपर्यंत काय झालां नाय, आता काय होतलां?"

हे वाक्य मी खूप ठिकाणी ऐकलंय. ऑफिसात जरा वेगळ्या शब्दांत ऐकते: "प्रॉडक्शनमध्ये तीन वर्षं चालतंय." त्यात तथ्य नाही असं नाही. न पडलेला माळा हा एक पुरावा आहेच. माझ्या कागदावरच्या गणितापेक्षा जुना आणि एका अर्थी जास्त प्रामाणिक. पण तो कशाचा पुरावा आहे ते नीट बघायला हवं. आजवर जे वजन आलं ते आजवर पेललं गेलं, एवढंच त्यातून कळतं. आणि लाकडाच्या बाबतीत तर तेवढंही पुढे नेता येत नाही, कारण लाकूड वेळ मोजतं. अमेरिकेत मॅडिसन इथल्या सरकारी प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या मध्यावर केलेल्या चाचण्यांतून दिसलं की काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जेवढ्या वजनाला मोडतं, त्याच्या साधारण साठ टक्के वजन दहा वर्षं सतत ठेवलं तर तेवढ्यानेही ते मोडू शकतं. माणूस माळ्यावर चढतो आणि उतरतो. पोती उतरत नाहीत. ज्या कडीने कौलांचं ओझं गेली नऊ वर्षं पेललं तिच्याकडे बोट दाखवून 'बघा, पेलते आहे' म्हणणं म्हणजे तिची शिल्लक खर्च होत असताना पासबुकाच्या जाडीवर खूश होण्यासारखं आहे.

शिवाय लाकडाच्या गाठी, वाळवी, भिंतीत खुपसलेल्या टोकाला पावसाळ्यात लागणारी ओल हे सगळं कडीच्या आत किंवा भिंतीच्या आत चालू असतं. म्हणून मानकांत लाकडाला जेवढा ताण घेऊ देतात तो त्याच्या मोडण्याच्या ताणापेक्षा बराच खाली असतो. या मधल्या अंतराला पुस्तकात सुरक्षा गुणक म्हणतात आणि अभियंते थट्टेने अज्ञानाचा गुणक म्हणतात. गॅलिलिओचा काल्पनिक माळा उभा राहिला असता तो या अंतराच्या जिवावर. काकांचा दोन बाय चारचा माळाही तीनशे किलोंखाली लगेच मोडला नसता. मोडला नसता, थोडा वाकला असता, आणि मग सगळ्यांनी म्हटलं असतं, बघ, उगाच घाबरवत होतीस. खरं म्हणजे पोत्यांनी ते अंतर खाऊन टाकलं असतं, आणि ते अंतर पोत्यांसाठी ठेवलेलं नव्हतंच.

मग ते कुणासाठी होतं? इथे मला माळ्यावर प्रत्यक्षात कोण चढतं हे मोजावंसं वाटलं. काका गुडघ्यांमुळे चढत नाहीत. ठरवलं त्यांनी, पैसे त्यांचे. आखणी माझी, मी वर्षातून दोनदा जाते, गणपतीला आणि मे महिन्यात, आणि फोटो काढण्यापलीकडे चढण्याची शक्यता नाही. सुतार बांधून जातील. चढणार काकी. चढणार नारळ उतरवायला येणारा आणि मग 'जरा तेवढी पोती वर टाक' असं सांगितलं जाणारा गडी. सुट्टीत चढणार भावंडांची मुलं, कारण माळा आणि शिडी समोर असताना न चढणारं मूल अजून जन्माला यायचंय. आणि माळ्याखाली असणार भाडेतत्त्वावर टिलर घेऊन येणारा माणूस, जो चढतही नाही, फक्त पाऊस आला म्हणून आत उभा राहतो. ज्यांनी आकडा ठरवला त्यांच्यापैकी एकही जण या यादीत नाही.

साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबीने दगडावर कायदे कोरून घेतले. तो दगड आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात बांधकाम करणाऱ्याविषयी सलग काही कलमं आहेत. बांधलेलं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला ठार करावं, हे 229वं कलम अभियांत्रिकीच्या पहिल्या तासाला हटकून सांगितलं जातं आणि वर्गात हशा पिकतो. त्यापुढची दोन कमी वेळा सांगतात. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावं. मालकाचा गुलाम मेला तर बांधणाऱ्याने गुलामाच्या बदल्यात गुलाम द्यावा. म्हणजे घर तेच, कोसळलेली तुळई तीच. जबाबदारीचं वजन मात्र खाली कोण सापडलं यावर ठरतं. आपण हे क्रूर म्हणून सोडून देतो. पण मांगरातल्या माळ्याला घरातल्या माळ्यापेक्षा बारीक लाकूड चालतं असं आपण म्हणतो तेव्हा आपण नक्की काय म्हणत असतो? घरातल्या माळ्याखाली आपण झोपतो, मांगरातल्या माळ्याखाली गडी उभा असतो. कुणी असं उच्चारत नाही. लाकडाच्या मापात ते आपोआप उतरतं.

याच्या शेजारी ठेवावा असा दुसरा एक नियम बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात आहे. तिथे अगदी घरगुती सूचना आहे: नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे तिथून कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. धर्माचा भाग बाजूला ठेवून बघितलं तरी दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हा नियम पडण्याच्या आधीचा आहे. कुणी पडेपर्यंत वाट बघत नाही. दोन, कोण पडलं याची चौकशी त्यात नाही. मालक, मुलगा, नोकर, आगंतुक, चोर, कुणीही. पडणाऱ्याची चूक होती का, हेही विचारलेलं नाही. गच्ची असेल तर माणूस काठाशी जाणार, हे त्यात गृहीतच धरलंय.

सॉफ्टवेअरमध्ये या गृहीताशी आमची रोज भांडणं होतात. कुणीतरी फॉर्ममध्ये नको ते भरतं, सगळं कोसळतं, आणि आमच्यातला एक जण म्हणतो, 'युजरने असं करायलाच नको होतं.' तिकीट बंद. नाहीतर एक लांबलचक अटी-शर्तींचा मजकूर आणि खाली टिक करायची चौकट. माळ्याच्या बाबतीत या चौकटीचं भाषांतर म्हणजे 'फक्त हलक्या सामानासाठी' अशी पाटी. काकांनी ती सुचवली होतीच. पाटीचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पण पाटी कुणाचं रक्षण करते ते बघा. गड्याच्या खांद्यावर पन्नास किलोंचं पोतं आहे, शिडीच्या शेवटच्या पायरीवर तो तोल सांभाळतोय, खालून आवाज येतोय 'ठेव तिथेच'. त्या क्षणी पाटी फक्त नंतरच्या बोलण्यासाठी भिंतीवर असते.

आता काकीच्या बाजूने बोलायला हवं, कारण तिचा मुद्दा 'काय झालां नाय' एवढाच नाही. तिचं खरं म्हणणं असं की ती पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, विहिरीच्या काठावर उभी राहून पाणी काढते, पावसात निसरड्या घाटीवरून भारे आणते, आणि पुण्याच्या लिफ्टमधून उतरलेल्या पुतणीने तिला शिडी कशी चढायची ते शिकवू नये. मला हे पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेची काळजी फार चटकन दुसऱ्यावरच्या सत्तेत बदलते. घरातल्या बायकांना आणि गड्यांना 'तुमच्याच भल्यासाठी' काय काय करू दिलं गेलं नाही याची यादी मोठी आहे. तीनशे किलो धरण्याच्या नावाखाली मी उद्या माळ्याला कुलूप लावून किल्ली काकांकडे दिली तर तेही सुरक्षितच झालं की.

तेव्हा मी अशी रेघ मारली, आणि ती मला अजून तरी पटते आहे. जो धोका चढणाऱ्याला दिसतो, तो घ्यायचा की नाही हे चढणाऱ्याचं. शिडी उंच आहे हे काकीला दिसतं. तिची तिने ठरवावं. मी फक्त शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया या तिरकेपणात बसेल अशी खाच करून देईन आणि तिचं टोक माळ्याच्या काठावर तीनेक फूट येऊ देईन, म्हणजे उतरताना धरायला काही राहील. पण जो धोका बांधकामाच्या आत दडलेला आहे, तो मात्र बांधणाऱ्याचा. कडीचं टोक भिंतीत चार इंच बसलंय की दीड, हे कुणाला दिसणार? फळीचं टोक शेवटच्या कडीच्या पुढे वीतभर मोकळं राहिलं तर वरून सगळं सपाट दिसतं. त्या टोकावर पाय पडला की फळी ढेंगळ्यासारखी उचलते. कडीच्या खालच्या अंगाला बरोबर मध्यावर बल्बची वायर नेण्यासाठी खाच मारली तर कडीची खोली तिथे कमी झाली, आणि नेमकं तिथेच तिला खोली सगळ्यात जास्त हवी. छपराच्या वाशाला तार बांधून माळ्याचा काठ टांगला तर वासे कौलांसाठी होते हे कुणाला आठवणार? या गोष्टी काकीच्या अनुभवात येऊच शकत नाहीत, कारण तो अनुभव एकदाच येतो. तिच्या शहाणपणावर हवाला ठेवून मी या ठिकाणी लाकूड वाचवलं, तर मी तिचा मान राखला असं होत नाही.

यातून एक जरा विचित्र गोष्ट निघाली. मला वाटायचं, माळा जितका नीटस तितका सुरक्षित. आता उलट वाटतं. रंधा मारलेल्या, फटी नसलेल्या फळ्यांचा माळा बघणाऱ्याला एक वचन देतो: ये, उभा राहा. ओबडधोबड, रिपांवर रिपा टाकलेला, मध्ये वीतवीत मोकळं असलेला माळा असं काही म्हणत नाही; त्यावर कुणी पाय ठेवायला जात नाही, डबे ठेवतं आणि हात मागे घेतं. म्हणजे सुबक दिसणाऱ्या बांधकामाचं देणं जास्त. आतून कमजोर ठेवायचं असेल तर बाहेरून कमजोर दिसू द्यायला हवं. सुतारांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी काकांना विचारलं, माळो व्हयो की फडताळ? काका गप्प बसले. त्यांना माळा हवा होता.

कड्या ऐनाच्या ठरल्या, बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकून. वाढलेला खर्च पुण्यातल्या माझ्या एका महिन्याच्या भाड्याएवढा आहे आणि तो मी देते आहे. हे औदार्य म्हणून सांगत नाही. आकडा मी वाढवला, तर त्याचे पैसे काकांनी का द्यावेत, एवढंच. खरं तर इथे एक अवघड गाठ आहे जी मला सुटलेली नाही: ज्याच्याकडे जादा लाकडाचे पैसे नाहीत त्याने माळा बांधूच नये काय? त्याची पोती जमिनीवर ओलीने कुजतात. त्याला मी मानक 875 सांगायला जाणार नाही. त्याला सांगण्यासारखं एवढंच आहे की जड ते खाली, हलकं ते वर. वर जे ठेवायचं ते भिंतीलगत, मध्यावर नाही, कारण तेच वजन सगळ्या कडीवर पसरण्याऐवजी मध्यावर एकवटलं तर कडीवरचा वाकवणारा जोर दुप्पट होतो. आणि कडी उभी टाक, आडवी नको. आमच्याच तीन-सहाच्या कड्या कुणी आडव्या टाकल्या तर ताकद निम्मी होते आणि वाक चौपट. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही.

कठडा साडेतीन फुटांचा होईल. खाली काठाला चार इंचांची आडवी पट्टी, नारळ घरंगळून खालच्याच्या डोक्यात पडू नये म्हणून. जुनी कौलं जमिनीवरच राहतील, यावर काकी आणि मी एकत्र आलो. पाटीऐवजी सुतारांनी सुचवलेली युक्ती घेतली आहे: माळ्यावरच्या तिन्ही भिंतींवर फळीपासून दीड फुटावर तांबडी रेघ. पोती तिच्या खाली राहिली तर तीनशेच्या आत. किलो, चौरस मीटर, काही वाचायला नको. जो वर पोतं ठेवेल त्याला ते रेघेच्या वर गेलं की खाली, हे ठेवतानाच दिसेल. म्हणजे वजनाचा जो धोका आजवर कडीच्या आत होता तो थोडासा तरी भिंतीवर, डोळ्यांसमोर आला. त्यानंतरही कुणी तिसरा थर रचला तर तो समजून रचलेला असेल.

मुलांचं मात्र या रेघेने काही होत नाही. सहा वर्षांच्या पोराला शिडी दिसते, धोका दिसत नाही. दिसणारा-न दिसणारा ही माझी सगळी वाटणी त्याच्यापाशी कोसळते. शिडी खालून काढून आडव्या खुंट्यांवर उंच टांगून ठेवावी असं काका म्हणतात. काकी म्हणते, मग दर वेळी ती उतरवणार कोण, मीच ना? तिची लांबी अकरा फूट आहे आणि ऐनाची केली तर वजनदार होईल. बांबूची करून बघूया, असं सध्या ठरलंय.